कटकट सोडा, नाव सोडू नका



आज आम्ही भाड्याच्या खोल्यांबद्दल बोलणार आहोत. खोल्या कशा बांधायच्या, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आजचा प्रश्न उलटा आहे. खोल्या सांभाळून थकलेल्या बाईनं पुढं काय करायचं? त्या विकायच्या का? विकून प्लॉट घ्यायचा, गाळा घ्यायचा, की आणखी काही करायचं? गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकीत हा प्रश्न वारंवार निघतोय, म्हणून आम्ही सहयोगिनींनी मिळून हा विषय घेतला.

चाकण, रांजणगाव, वाळूज, सिन्नर अशा ठिकाणी एमआयडीसी आली आणि आजूबाजूच्या गावांत घरामागं, गोठ्याच्या जागेवर, रस्त्याकडेच्या पट्टीत खोल्या उभ्या राहिल्या. कुणी चार काढल्या, कुणी बारा. कागदावर मालक बहुतेक ठिकाणी घरातला पुरुष. पण भाडं गोळा करणं, पाण्याची मोटर चालू-बंद करणं, तुंबलेला संडास मोकळा करायला माणूस आणणं, दोन भाडेकरूंची भांडणं मिटवणं, रात्री अकराला ‘मावशी, लाईट गेली’ म्हणून कुणी आलं तर उठणं, हे सगळं बायकांकडं. याला कुणी काम म्हणत नाही. ‘तुमचं काय, बसून भाडं खाता’ असंच ऐकायला मिळतं.

पण यात एक फार मोठी गोष्ट आहे. कांद्याचे पैसे मालकाच्या हातात जातात, दुधाचे डेअरीच्या खात्यातून घरखर्चात जातात. खोलीचं भाडं मात्र बाईच्या हातात येतं. आमच्या गटांतल्या कितीतरी जणींचा गटाचा हप्ता, मुलीची फी, स्वतःचं औषधपाणी त्यातूनच चालतं. म्हणून खोल्या सोडायचा निर्णय हा नुसता जागेचा व्यवहार नाही. आपल्या हातातला पैसा उद्या कुणाच्या हातात जाणार, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

आधी हिशोब मांडू. वही-पेन असेल तर जवळ घ्या.

समजा सहा खोल्या आहेत आणि एका खोलीचं भाडं महिन्याला ३,००० रुपये. वर्षाचे झाले २,१६,००० रुपये. आपण तोंडानं सांगतो तो हाच आकडा. आता वजाबाकी करा. वर्षभरात खोल्या मिळून आठ महिने रिकाम्या राहिल्या, २४,००० गेले. एक जण न सांगता निघून गेला, ९,००० बुडाले. रंग, गळती, नळ, दरवाजा, मिस्त्री मिळून ३०,०००. मोटरचं बिल, उन्हाळ्यातले टँकर, टाकीची सफाई मिळून १८,०००. घरपट्टी-पाणीपट्टी ६,०००. एकूण वजा ८७,०००. हातात राहिले १,२९,००० रुपये.

आता आपली मजुरी. दिवसाला एक तास म्हटलं तरी वर्षाचे ३६५ तास, म्हणजे आठ तासांचे ४५ रोज. ३०० रुपये रोजानं १३,५०० रुपये. तेही वजा केले तर राहिले १,१५,५००. आणि या सहा खोल्या आज विकल्या तर समजा ३० लाख येतील. म्हणजे ३० लाखांच्या मालमत्तेवर वर्षाला शेकडा चारच्याही आत सुटतंय.

हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमचे वेगळे असतील, जास्त चांगलेही असतील. पण ही वजाबाकी प्रत्येकीनं स्वतःच्या वहीत केल्याशिवाय विकायचं की ठेवायचं हे बोलूच नये. आमच्या एका गटातल्या ताईंनी हा हिशोब केला तेव्हा कळलं की त्यांच्या आठ खोल्यांपैकी पुढच्या चार कधी रिकाम्या राहत नाहीत. सगळा खर्च आणि सगळी भांडणं मागच्या चार पत्र्याच्या खोल्यांची. त्यांनी पुढच्या ठेवल्या आणि मागच्या विकायचं ठरवलं. मोकळं व्हायचं म्हणजे सगळंच विकायचं, असं नसतं.

दुसरी गोष्ट, विकण्याआधी काम कमी करून बघा. प्रत्येक खोलीला वेगळा सबमीटर बसवला की बिलाची अर्धी भांडणं संपतात. भाडं खात्यावर घ्या, पण खातं आपल्या नावाचं असू द्या. अकरा महिन्यांचा करार लिहून नोंदवून घ्या. तो आता ऑनलाइनही होतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. काही ठिकाणी मजूर पुरवणारा ठेकेदार सगळ्या खोल्या एकत्र भाड्यानं घेतो. भाडं थोडं कमी मिळतं, पण दहा जणांऐवजी एकाशीच बोलावं लागतं. मात्र त्याच्याकडून तीन महिन्यांचं भाडं अनामत घ्या आणि एका खोलीत किती माणसं राहणार, हे करारात लिहा. एवढं करूनही जीव मेटाकुटीला येत असेल, तर मग विकण्याचा विचार करा.

विकायला निघालो की पहिली अडचण कागदांची येते. खोल्यांची ग्रामपंचायतीत नमुना ८ वर नोंद असते आणि आपल्याला वाटतं, झालं, आपली मालकी पक्की. नमुना ८ ही घरपट्टीच्या आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. जागा गावठाणात असेल तर मालमत्ता पत्रक निघालंय का ते बघा. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून ही पत्रकं दिली जात आहेत. जागा शेतजमिनीत असेल तर सातबारा कुणाच्या नावावर आहे, बिनशेती झालीय का, हे बघावं लागतं. बिनशेती नसलेल्या जागेवरच्या खोल्यांना बँक सहसा कर्ज देत नाही. मग गिऱ्हाईक रोखीवाला मिळतो आणि भाव पाडून मागतो. त्यामुळं विकायचं असेल तर कागद आधी नीट करा, गिऱ्हाईक नंतर शोधा.

मग येतो कर. समजा सगळ्या खोल्यांना मिळून ६ लाख खर्च आला होता आणि ३० लाखांना विकल्या. नफा २४ लाख. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ आपल्याकडं असलेल्या मालमत्तेवर आज १२.५ टक्के दरानं कर लागतो, म्हणजे साधारण ३ लाख रुपये. जुन्या मालमत्तेला महागाईचा हिशोब धरून २० टक्क्यांनी कर भरायचाही पर्याय आहे. कमी पडेल तो घ्यायचा. वडिलोपार्जित जागा असेल तर हिशोब आणखी वेगळा होतो. त्यासाठी करसल्लागाराला हजार-दोन हजार रुपये द्यायला कचरू नका.

या करातून सूटही मिळते, आणि ती कशावर मिळते हे आधीच माहीत असायला हवं. राहत्या वापराच्या खोल्या विकून नफ्याच्या रकमेचं दुसरं घर दोन वर्षांत विकत घेतलं, किंवा तीन वर्षांत बांधलं, तर सूट आहे. सरकारी मालकीच्या ठरावीक कंपन्यांचे रोखे सहा महिन्यांच्या आत घेतले तरी आहे. मर्यादा ५० लाख, आणि पाच वर्षं हात लावता येत नाही. पण नुसता मोकळा प्लॉट घेऊन ठेवला तर ही सूट नाही. दुकानाचा गाळा घेतला तरी नाही. प्लॉट विकणारा एजंट हे तुम्हाला सांगणार नाही.

मधल्या काळात आलेले पैसे कुठं ठेवायचे, हेही आधीच ठरवा. बँक बुडाली तर एका माणसाच्या एका बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे; व्याजही त्या ५ लाखांतच धरतात. पतसंस्थेतल्या ठेवींना हे संरक्षण नाही. शेकडा एक-दीड जास्त व्याजासाठी ३० लाख एकाच पतसंस्थेत टाकू नका. दोन-तीन चांगल्या बँकांत वाटून ठेवा.

आता पुढचे पर्याय एकेक बघू.

पहिला, मोकळा प्लॉट. सगळ्यांच्या तोंडी हाच असतो. प्लॉट मोटर मागत नाही, भांडत नाही, हे खरं. पण तो महिन्याला एक रुपयाही देत नाही. खोल्यांच्या भाड्यावर ज्या बाईचं औषधपाणी चालतं, तिनं सगळे पैसे प्लॉटमध्ये घातले तर पुढच्या महिन्यापासून तिला दुसऱ्याकडं हात पसरावा लागेल. म्हणून प्लॉट घ्यायचा तर अडीअडचणीला लागणार नाही एवढ्याच पैशाचा.

शिवाय प्लॉटमध्ये फसवणूकही जास्त. शेतजमिनीचे गुंठे पाडून स्टँपपेपरवर विकलेले प्लॉट आपण सगळ्यांनी पाहिलेत. १९४७ चा तुकडेबंदी कायदा ठरलेल्या क्षेत्रापेक्षा लहान तुकड्यांच्या खरेदीला आडवा येतो. त्यात सरकार वेळोवेळी सवलती देतं, पण आपला तुकडा त्यात बसतो का, हे तहसील कार्यालयात विचारूनच पैसे द्यायचे. ५०० चौरस मीटरपेक्षा, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांपेक्षा मोठ्या जागेवर आठपेक्षा जास्त प्लॉट पाडून विकायचे असतील, तर महारेराकडं नोंदणी सक्तीची आहे. जाहिरातीवर नोंदणी क्रमांक आहे का ते बघा आणि महारेराच्या वेबसाइटवर तो तपासून घ्या. कॉलेजात जाणारी कुठलीही मुलगी पाच मिनिटांत बघून देईल. आणि नोंदवलेला करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे मागायचा अधिकार त्याला नाही.

‘हप्ते भरा, जमीन मिळेल, नाहीतर दामदुप्पट’ असं कुणी म्हणालं तर पीएसीएल कंपनी आठवा. शेतजमिनीच्या नावानं तिनं देशभर पैसे गोळा केले. सेबीनं २०१४ साली ते परत करायचा आदेश दिला तेव्हा रक्कम निघाली ४९,१०० कोटी, आणि पैसे भरणारे होते ५ कोटी ८५ लाखांच्या घरात. त्यात गावोगावच्या बायका होत्या, आणि घरोघर जाऊन हप्ते नेणारे एजंट ओळखीचेच, नात्यातलेच होते. लोकांच्या हातात पावत्या होत्या, पण सातबाऱ्यावर नाव नव्हतं.

दुसरा पर्याय, तालुक्याच्या गावात फ्लॉट नाहीतर गाळा. आठ भाडेकरूंऐवजी एक भाडेकरू. फ्लॅटला सोसायटीचा देखभाल खर्च लागतो, पण पाणी, गटार, जिन्याचा दिवा सोसायटी बघते. गाळ्याला भाडं बरं मिळतं, पण एकदा रिकामा झाला की सहा-सहा महिने रिकामा राहू शकतो. घर बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. २० लाखांच्या घरावर २० हजार वाचतात. घरातल्यांना पटवायला हा मुद्दा फार उपयोगी पडतो.

तिसरा पर्याय, ज्यांच्याकडं पडीक किंवा हलकी जमीन आहे त्यांच्यासाठी. जमीन विकायची नाही, लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानं द्यायची. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात वीज उपकेंद्राजवळच्या जमिनीला हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये भाडं ठरलं, म्हणजे एकरी साधारण ५०,०००, आणि दर वर्षी ३ टक्के वाढ. काही ठिकाणी गोदामासाठीही कंपन्या जमीन मागतात. यात रोजचं काम नाही. पण पट्टा आपल्यानंतर मुलांनाही बांधून ठेवतो, म्हणून मुदत, वाढ आणि मुदतीनंतर जमीन कशी परत मिळणार, ही तीन कलमं वकिलाकडून वाचून घ्यायची. आणि भाडं कुणाच्या खात्यात येणार? ज्याचं सातबाऱ्यावर नाव, त्याच्या.

चौथा पर्याय आपल्याकडं नवा आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. त्याचं नाव रीट. दहा जणींनी पैसे घालून एक पिठाची गिरणी घ्यावी, गिरणी चालवायला माणूस ठेवावा आणि कमाई हिश्शाप्रमाणं वाटून घ्यावी, तसंच हे. फक्त गिरणीऐवजी मोठमोठ्या ऑफिसच्या इमारती आणि मॉल. पुण्यात हिंजवडीतल्या, येरवड्यातल्या काही ऑफिस इमारती आणि औंधमधला वेस्टएंड मॉल वेगवेगळ्या रीटच्या मालकीचे आहेत. पहिलं रीट भारतात एप्रिल २०१९ मध्ये शेअर बाजारात आलं. सेबीचा नियम असा, की रीटच्या मालमत्तेपैकी किमान ८० टक्के बांधून पूर्ण झालेल्या, भाडं देणाऱ्या इमारती हव्यात आणि वाटण्याजोग्या रकमेतले किमान ९० टक्के पैसे हिस्सेदारांना वाटायला हवेत. हे पैसे साधारण दर तीन महिन्यांनी खात्यात येतात.

२०२१ पासून एक युनिटही घेता येतं, म्हणजे काहीशे रुपयांपासून सुरुवात होते. विकायचं झालं तर चार युनिटं विकता येतात. खोलीचा एक कोपरा काही विकता येत नाही.

आता त्याची दुसरी बाजू. रीटमध्ये हमी नसते. युनिटचा भाव रोज वर-खाली होतो, आणि आपल्याला नड असते तेव्हाच तो पडलेला असू शकतो. कंपन्यांनी ऑफिसं सोडली तर येणारं भाडं कमी होतं. म्हणून मुलीच्या लग्नाचे, ऑपरेशनचे पैसे यात नकोत. खोल्या विकून आलेल्या रकमेचा लहानसा भागच घाला, आणि तोही एकदम नाही. डिमॅट खातं आपल्या नावाचं, मोबाईल नंबर आपला, ओटीपी आपल्याकडंच. ‘काकू, मी बघतो सगळं’ म्हणणाऱ्या पुतण्याला खातं उघडायला मदत करू द्या, पण पासवर्ड देऊ नका. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘रीटमध्ये महिन्याला ५ टक्के’ असं कुणी सांगितलं, तर ते रीट नाही, फसवणूक आहे. लहान रीटची एक वेगळी योजनाही निघालीय, पण तिथं किमान १० लाख लागतात. आपल्यासारखीनं तूर्त त्या वाटेला जाऊ नये.

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या लेखी सगळ्यात मोठा. नावाचा.

खोल्या विकल्या जातात तेव्हा बऱ्याच घरांत एक गोष्ट गुपचूप घडते. एका गावात आम्ही पाहिलं. सहा खोल्या, वीस वर्षं बाईनं सांभाळलेल्या. विकल्या. पैसे मुलाच्या खात्यात गेले, कारण ‘आईला बँकेचं जमत नाही’. मुलानं शहरात फ्लॅट घेतला, स्वतःच्या आणि सुनेच्या नावावर. मुलगा वाईट नाही. तो आईला बघतोही. पण दर महिन्याला भाडं मोजून घेणारी ती बाई आज रिक्षाच्या भाड्यासाठी मुलाकडं बघते. कटकट गेली, त्याबरोबर तिचं नावही गेलं.

नवऱ्याच्या स्वकष्टाच्या मालमत्तेत, तो हयात असताना, बायकोला आपोआप हिस्सा मिळत नाही. तो द्यावा लागतो, आणि कागदावर द्यावा लागतो. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांना बक्षीसपत्रानं दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. वर स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च. म्हणजे विकण्याआधी आपलं नाव लावून घेणं फार महाग नाही. पण २०० रुपयांत जे येतं, ते २०० रुपयांत जातंही. मुलाच्या नावानं बक्षीसपत्र करा असा आग्रह झाला, तर घाई करू नका. मृत्युपत्र करता येतं. ते हयातीत कितीही वेळा बदलता येतं. आणि बक्षीसपत्र करायचंच ठरलं, तर मुलानं आपला सांभाळ करायचा ही अट त्यात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात, वयाची ६० वर्षं झाल्यावर असं बक्षीसपत्र केलं आणि अट मोडली गेली, तर ते रद्द करून घेण्याची सोय आहे. माहेरच्या हक्कसोडपत्रावर सही करण्याआधीही हेच. भावाचं प्रेम आणि जमिनीचा कागद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सही वाचून करावी, समजून करावी, आणि नको वाटली तर करू नये.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत गटात पाच प्रश्न एकमेकींना विचारा. खोल्यांतून खर्च आणि आपली मजुरी वजा जाता खरंच किती सुटतं? विकलं तर कर किती आणि सूट कशावर? नव्या ठिकाणाहून दर महिन्याला किंवा तिमाहीला हातात काय येणार? नड आली तर त्यातला थोडासा भाग मोडता येतो का? आणि कागदावर नाव कुणाचं? या पाचांपैकी एकाचंही उत्तर मिळत नसेल, तर त्या महिन्यात इसार घेऊ नका आणि देऊही नका. चांगला व्यवहार महिनाभर थांबतो. थांबत नाही तो बहुधा आपल्या फायद्याचा नसतो.

खोल्या सांभाळता सांभाळता आपण भाव करायला शिकलो, माणूस ओळखायला शिकलो, थकलेलं भाडं वसूल करायला शिकलो. पुढचा व्यवहार याच जोरावर करायचा आहे. तुमच्या वहीतला हिशोब घेऊन बैठकीला या. आपण एकत्र बसून तो तपासू.